सावलीचे ताट

ज्या माउलीच्या कानांवर जगातला एकही आक्रोश पडायचा चुकत नाही, बुडणाऱ्याची शेवटची हाकही जिने ऐकून ठेवली आहे, त्या करुणामूर्तीला आधी दंडवत. अन्नाच्या कणात तीच, कण चोरणाऱ्या हातात तीच, आणि ती चोरी मुकाट्याने पाहणाऱ्या भिंतीतही तीच. तिने माझी जीभ आवरून धरावी, म्हणजे दुसऱ्याच्या लाजेची कथा सांगताना मला माझी स्वतःची लाज विसरता येणार नाही.

१

तोमेजी मासेमारीच्या बोटीबरोबर उत्तरेच्या समुद्रावर गेला, आणि दुसऱ्या सकाळपासून त्याच्या घरी एक ताट जास्तीचे मांडले जाऊ लागले. आमच्या किनाऱ्यावर घरोघरी ही रीत होती. माणूस परमुलखी गेला तरी त्याची सावली घरातल्या त्याच्या जागी बसून जेवते. ती उपाशी राहिली, तर तिकडे त्याच्या अंगी अन्न लागत नाही. म्हणून घरच्यांनी घास घेण्याआधी त्याचे ताट वाढायचे, ते दुपारपर्यंत त्याच्या जागी राहू द्यायचे, आणि मग उतरवून त्यातला भात घरच्यांनी प्रसादासारखा वाटून खायचा.

तोमेजीची जागा आगटीच्या पलीकडे, मधल्या खांबाला पाठ लागेल अशी होती. त्याची बायको इसो रोज सकाळी तिथे निळे आसन अंथरी आणि आसनापुढे बुटक्या पायांचे लाखेचे ताट ठेवी. झाकणाच्या काळ्या वाडग्यात पांढरा भात, दुसऱ्या वाडग्यात मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, कढण, खारवलेल्या मुळ्याच्या दोन चकत्या, आणि शेजारी जेवणाच्या काड्या. इसो आणि तिची सासू तोकु या दोघी मात्र राळ्याच्या पेजेत मुळ्याची पाने घालून ते दिवस काढत होत्या. पांढरा तांदूळ एका लहान मडक्यात होता, आणि तो फक्त त्या ताटासाठी होता.

दुपारी ताट उतरवायच्या वेळी तोकु स्वतः पुढे सरके. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि अंधार एवढाच भेद तिला उरला होता. ती चाचपत वाडग्याचे झाकण उचली, उलटे करी आणि त्याच्या आतून बोट फिरवी. झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरलेले असले, की माणूस सुखरूप. झाकण कोरडे निघाले तर काय, ते वाक्य आमच्याकडे कोणी पुरे करत नसे.

“ओलं आहे,” तोकु म्हणे. “बरा आहे माझा पोरगा.”

शेजारची सेकिकाकी कधीमधी दारातून डोकावे. तिच्या जिभेला हाड नव्हते, पण मनात कपट नव्हते. “तोकुताई, एवढे लाड कराल तर बोटीत मावायचा नाही हो तो! तांडेल लोटून देईल समुद्रात, जड झाला म्हणून.”

“लोटू दे,” तोकु म्हणे. “माझ्या भातावर वाढलाय. तरंगेल.”

आणि दोघी म्हाताऱ्या हसत. इसोही हसे. पानगळीपर्यंत तिचे ते हसू खरे होते.

२

चोरीची सुरुवात भातवाढीपासून झाली. ताट वाढून झाले की भातवाढीला पाच-सहा शिते चिकटून राहत. ती धुऊन टाकणे म्हणजे अन्नाचा अपमान, असे स्वतःला सांगून इसोने ती चाटली. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळले, की आपण किती दिवसांत पांढरा भात तोंडात घातलेला नाही. दुपारी वाटून मिळे तो थंड, पेजेत विरघळलेला. हा गरम होता, गोड होता.

दुसऱ्या दिवशी भातवाढीला जास्त शिते चिकटली. तिसऱ्या दिवशी तिने ती चिकटवली.

मग मूठभर. मग अर्धे वाडगे. आणि थंडी पडता पडता एका सकाळी असे झाले, की इसोने मातीच्या जमिनीच्या स्वयंपाकघरात, रांजणाआडच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, उभ्याने, तोमेजीचा सगळा भात खाल्ला. एक हात तोंडावर धरला होता, म्हणजे चावण्याचा आवाज बाहेर जाऊ नये. खाऊन झाल्यावर तिने आदल्या दुपारी पेजेत न घालता मागे ठेवलेला थंड भात काळ्या वाडग्यात भरला, हाताने त्याला शीग आणली आणि ताट नेऊन ठेवले. तो भात दुपारी पेजेत पडला नाही. “मिसळला ना गं?” तोकुने विचारले, आणि इसो “हो” म्हणाली. दुसऱ्या सकाळी तोच भात पुन्हा ताटात गेला.

तिला फार भूक होती, असे म्हणून मी तिची बाजू सावरणार नाही. पेजेने पोट भरत होते. ती हाव होती. आणि इसोला ते ठाऊक होते, म्हणूनच तिने तोंड भिंतीकडे केले होते.

थंड भाताला वाफ नसते, आणि वाफ नसेल तर झाकणाला थेंब धरत नाहीत. हे इसोच्या ध्यानात पहिल्याच सकाळी आले. तिने रांजणात बोटे बुडवली आणि झाकणाच्या आत पाणी शिंपडले. दोन शिंतोडे जास्त उडाले, ते बाहीने टिपले. दुपारी तोकुने बोट फिरवले.

“ओलं आहे. बरा आहे माझा पोरगा.”

इसो मान खाली घालून बसली. आंधळ्या माणसासमोर मान खाली घालण्याची गरज नव्हती. पण मान वर राहिना.

३

हे महिनाभर चालले; शिळा भात आंबला, की गरमातला थोडा मागे ठेवून ती तो बदली. त्या महिन्यात बाहेर गुडघाभर बर्फ पडले.

एका सकाळी इसोने थंड भात वाडग्यात भरला, झाकण हातात घेतले, आणि एवढ्यात सेकिकाकीने दारातून हाक मारली. “अगं इसो, तुमच्या छपरावरचं बर्फ लोंबतंय! माझ्या डोक्यात पडलं असतं तर तोकुताईंना गप्पा मारायला कोण राहिलं असतं?” इसोने घाईत झाकण तसेच वाडग्यावर ठेवले, ताट जागेवर नेले आणि फळी घेऊन बर्फ पाडायला बाहेर गेली. पाणी शिंपडायचे राहून गेले, हे तिला आठवले तेव्हा दुपार झाली होती आणि तोकुचा हात वाडग्याकडे जात होता.

“आई, थांबा, मी...”

झाकण उचलले गेले होते. तोकुने ते उलटे केले, आणि पाणी तिच्या मनगटावरून बाहीत ओघळले.

“अगं बाई,” तोकु म्हणाली. “केवढं पाणी आज!”

इसोने झाकण हातात घेतले. आतून ते थेंबांनी गच्च भरले होते. थेंब थेंबाला चिकटून त्यांच्या धारा होत होत्या. वाडग्यातला भात मात्र बर्फासारखा गार होता. तिने ताट स्वयंपाकघरात नेले, आणि का कोण जाणे, झाकणावरून फिरवलेले बोट जिभेला लावले.

पाणी खारट होते.

इसो डोक्याने थंड बाई होती. तिने हिशोबाने विचार केला. सकाळी आपण मुळ्याच्या पिंपात हात घातला होता. मिठाचे पाणी बोटाला असणार. दार उघडे राहिले, समुद्रावरची दमट हवा आत आली, गार लाखेवर ती साचली असणार. प्रत्येक कारण खरे असू शकत होते. ती सगळी कारणे तिने मनात ओळीने लावली, आणि मग तिच्या लक्षात आले, की आज मुळ्याच्या चकत्या आपण कापल्या नव्हत्या. कालच्याच ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम पाणी शिंपडले नाही. झाकण ओले निघाले. तिसऱ्या दिवशीही. कष्ट वाचले म्हणून मनाला जो हलकेपणा वाटला, त्याची तिला पुढे आयुष्यभर लाज वाटत राहिली.

४

“हल्ली तो आवाज करून जेवतो गं,” तोकु एका दुपारी सहज म्हणाली.

इसो आगटीत लाकूड सारत होती. “कोण, आई?”

“कोण म्हणजे काय? तोमेजी. लहानपणी असा नव्हता. मिटल्या तोंडानं जेवायचा, मांजरासारखा. बोटीवरच्या संगतीनं बिघडला असेल.” तिच्या बोलण्यात काळजी नव्हती; उलट थोडे कौतुकच होते. “पण घाबरल्यासारखं जेवतो. कुणी हिसकावून घेईल की काय, असं.”

म्हाताऱ्या माणसांचे कान वाजतात, असे इसोने मनाशी म्हटले. पण दुसऱ्या सकाळी ताट ठेवून ती स्वयंपाकघरात आली, आणि गरम भाताचा घास तोंडात असतानाच तिने चावणे थांबवले. मधल्या खोलीतून आवाज येत होता. ओल्या वाळूवर कोणी सावकाश पाय रोवावा, तसा. ती थांबली की तो आवाज थांबे. तिने पुन्हा चावायला सुरुवात केली, तर तोही पुन्हा सुरू होई.

हा आपल्याच जबड्याचा आवाज भिंतीवरून परत येतो आहे, असे तिने ठरवले. घास गिळला, तोंड रिकामे केले, आणि श्वास धरून उभी राहिली.

भिंतीपलीकडे आणखी दोन घास चावले गेले.

ती खोलीत गेली तेव्हा बर्फावरून आलेला पांढरा उजेड चटईवर पसरला होता, तोकु आगटीपाशी डुलक्या घेत होती, आणि खांबापाशी कोणी नव्हते. पण निळ्या आसनाच्या मधोमध कोणी नुकतेच उठून गेल्यासारखा खळगा होता. तिने तळहात ठेवला. आसन ओले होते. काड्याही ओल्या होत्या. माणसाच्या काड्यांची टोके तेवढी ओलावतात, या अर्ध्याहून वरपर्यंत भिजल्या होत्या. वाडग्यातला भात कमी झालेला नव्हता. त्याची शिते फुगली होती, फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी.

तिला कळले. तोमेजी बुडाला. आपण त्याच्या सावलीला उपाशी मारले, आणि आता तो समुद्रातून उठून आपल्या जागी येऊन बसतो, शिळा भात चघळतो, आणि आईला वाटते पोरगा बरा आहे.

त्या दिवशी ती रडली नाही. रडायला तोंड लागते, आणि तिच्या तोंडाला त्याच्याच भाताची चव होती.

दुसऱ्या सकाळी तिने मडक्यातला तांदूळ दुप्पट घेतला. एक शीतही चाखले नाही. वाफाळता भात वाडग्यात भरला, ताट ठेवले, चटईवर कपाळ टेकले आणि ओठातल्या ओठात म्हणाली, “अहो, हा तुमचा आहे. तोमेजी, हा तुमचा भात. जेवा.” मग दाराआड उभी राहिली.

बराच वेळ काही नाही. मग चटईवर लाकूड घासल्याचा आवाज झाला. ती आत गेली तेव्हा ताट आसनापासून वीतभर दूर सरकवलेले होते. कोणी पुढे आलेले अन्न नम्रपणे नाकारावे, तसे. झाकण उघडलेलेही नव्हते.

इसोने ताट उचलले. शिळा भात घातला. तो ताबडतोब स्वीकारला गेला. आणि स्वयंपाकघरात उरलेल्या गरम भाताकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

मग तिने तो खाल्ला.

५

सेकिकाकी बर्फ तुडवत आली, ती दारातूनच ओरडत. “तोकुताई! ए तोकुताई! साखर नाही घरात, नाहीतर आधी तोंड गोड करायला लावलं असतं!”

तिचा भाऊ उत्तरेच्या बंदरावर माशांच्या वखारीत कामाला होता. त्याचे पत्र आले होते, आणि शाळेच्या मास्तरांनी ते दोनदा वाचून दाखवले होते. तोमेजीची बोट बंदराला लागली होती. सगळे सुखरूप. परवा दुपारच्या बोटीने तोमेजी गावात येणार.

“फक्त वाळलाय म्हणे फार,” सेकिकाकी म्हणाली. “भावानं लिहिलंय, जेवतो डोंगराएवढं आणि अंगाला काही लागत नाही. तांडेल म्हणतो, याच्या पोटात भोक आहे. आता तूच बुजव बाई ते भोक, इसो!”

तोकुने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. “मला ठाऊक होतं. झाकण रोज सांगत होतं मला.” आणि मग इसोच्या दिशेने तोंड वळवून, “अगं, बोलत का नाहीस? आनंदानं दातखीळ बसली का तुझी?”

इसोने आगटीकडे तोंड फिरवले. तोमेजी जिवंत होता. ज्या दिवसांत ती त्याला बुडालेला समजत होती, त्या दिवसांत तो तिकडे जेवत होता, आणि खाल्लेले अंगी लागत नव्हते. मग खांबाला पाठ लावून रोज कोण बसत होते?

तिला गरम भात दूर सारलेला आठवला. तोमेजीचे नाव घेऊन वाढलेला भात तिथे बसणाऱ्याने घेतला नव्हता. नाव नसलेला, कोणासाठीच न वाढलेला शिळा भात तेवढा घेतला होता. आणि परवा तोमेजी त्याच जागी, त्याच आसनावर बसणार होता. रीतच तशी होती: परत आलेल्याने सावलीचे शेवटचे ताट स्वतः जेवायचे, म्हणजे सावली आणि देह पुन्हा एक होतात. त्या जागी सावली नसेलच, दुसरेच कोणी असेल, तर त्याच्या देहाला काय येऊन मिळेल?

हे टाळायचे, तर आधी सांगायला हवे होते. सगळे, भातवाढीपासून.

त्या संध्याकाळी तिने तीनदा तोंड उघडले. “आई, मला एक सांगायचंय.” “सांग की.” आणि तिने सांगितले, की मिसो संपत आला आहे. दुसऱ्यांदा सांगितले, की छपराची फळी सैल झाली आहे. तिसऱ्यांदा तोकु स्वतःच म्हणाली, “राहू दे गं. परवा तो आला की सगळं एकदम सांग.” तिच्या आवाजात काहीतरी होते. इसोने त्याचा अर्थ लावला नाही. लाज माणसाला बहिरे करते.

६

तोमेजी आला तेव्हा ऊन पडले होते आणि छपरांवरून पाणी ठिबकत होते. सेकिकाकी आणि आळीतल्या दोन बायका सुके मासे घेऊन दाराशी थांबल्या होत्या. तो उंबऱ्यावर वाकून चामड्याचे जोडे काढू लागला, तेव्हा त्याच्या मानेची हाडे मोजता येत होती.

“बंदरावर काय वल्ही खात होतास की काय रे?” सेकिकाकीने विचारले.

“वल्ही दिली असती तर तीही खाल्ली असती, काकी,” तो हसून म्हणाला. “पोटच भरत नाही. थंडी पडली तेव्हापासनं असंच.”

थंडी पडली तेव्हापासून. इसोने हातातले ताट घट्ट धरले.

तिने त्या दिवशी सगळा उरलेला तांदूळ शिजवला होता. तोमेजी खांबापाशी गेला, खाली बसला, आणि लगेच अर्धवट उठला. “आसन ओलं आहे.”

“बर्फाची हवा आहे,” तोकु म्हणाली. “बस.”

तो बसला. मधोमध नव्हे, आसनाच्या एका कडेला, अंग चोरून. आपण तसे का बसलो, हे त्याचे त्याला ठाऊक नव्हते, पण दारातल्या तिन्ही बायकांनी ते पाहिले आणि कोणी थट्टा केली नाही. इसोने ताट पुढे ठेवले. त्याने हात जोडले, काळ्या वाडग्याचे झाकण उचलले आणि उलटे धरले.

झाकणाची आतली बाजू इसोकडे होती. घोटून घोटून आरशासारख्या झालेल्या त्या काळ्या लाखेत तिला आधी वाफ दिसली, मग तोमेजीचा खांदा. आणि खांद्यामागे, खांब आणि त्याची पाठ यांत जी चार बोटे जागा होती, तिच्यात एक चेहरा.

तो केसांनी झाकला होता आणि केसांतून पाणी गळत होते. त्याचे गाल भरलेले होते. एक हात तोंडावर धरला होता, चावण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि त्या हातावरून दोन डोळे इसोकडे पाहत होते. त्या डोळ्यांत राग नव्हता. असता, तर ती किंचाळून पळाली असती. दुसऱ्याचे अन्न खाताना पकडले गेलेल्याच्या डोळ्यांत जे असते, ते तिथे होते.

त्या लाखेत आपण स्वतःलाच पाहतो आहोत का, असेही क्षणभर तिच्या मनात आले. पण तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

तोमेजीने काड्या उचलल्या.

७

“खाऊ नका!”

तिने झेप घेऊन वाडगे ओढले. कढण चटईवर सांडले. दारातल्या बायका आत सरकल्या. मग इसोने चटईवर कपाळ टेकले आणि तिथूनच, जमिनीशी बोलावे तसे, सगळे सांगितले. भातवाढी. मूठ. रांजणाआडचा कोपरा. शिळा भात. शिंपडलेले पाणी. आणि शेवटी म्हणाली: “तुमच्या जागी मी दुसऱ्या कुणाला तरी बसवलंय. कोण आहे मला माहीत नाही. माझ्या चोरीमुळं आलंय ते.”

छपरावरचे पाणी ठिबकत होते. सेकिकाकीने हातातले सुके मासे खाली ठेवले.

“भातासाठी?” तोमेजी म्हणाला. त्यात राग नव्हता. नुसते न समजणे होते, आणि तेच इसोला सर्वांत जास्त लागले. “इसो, भातासाठी?”

“मला ठाऊक होतं,” तोकु म्हणाली.

इसोने मान वर केली.

“डोळे गेलेत, नाक नाही गेलं. सकाळी भाताचा वास ताटातून यायला हवा. तो रांजणापाशी रेंगाळायचा.” म्हातारीने हात मांडीवर एकमेकांत गुंतवले होते. “बोलले असते, तर तू पाणी शिंपडायचं सोडलं असतंस. मग खरं झाकण उचलावं लागलं असतं मला. आणि ते कोरडं निघालं असतं तर? मला खोटं पाणी चाललं, इसो. मुलाला शिळं खाऊ घातलं मी, दुसऱ्याच्या हातानं. तुझ्याहून माझं तोंड काळं.”

ती चाचपत खांबाकडे सरकली. तोमेजीच्या गुडघ्याला हात लावून तिने त्याला बाजूला व्हायला सांगितले, आणि तो लहान मुलासारखा बाजूला झाला. मग तिने ते वाफाळते वाडगे रिकाम्या आसनापुढे ठेवले, काड्या नीट केल्या आणि त्या जागेकडे तोंड करून हात जोडले.

“लेकरा,” ती म्हणाली, “तू कुणाचा, कुठं बुडालास, तुझं ताट कुणी वाढलं नाही, आम्ही विचारत नाही. तुला चोरून खायला लागलं, ते आमच्यामुळं. हे तुझ्याच नावाचं आहे, जे काही तुझं नाव असेल ते. गरम आहे. खा.”

काही झाले नाही.

“पाठ फिरवा,” तोकु हळूच म्हणाली. “सगळ्यांनी. लाजतंय ते.”

आणि त्या भर दुपारी, लख्ख उजेडात, त्या घरातली तीन माणसे आणि दारातल्या तीन बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या. इसोच्या डोळ्यांसमोर भिंतीचा ओबडधोबड गिलावा होता, आणि त्यातली गवताची एक काडी. मागे झाकण बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. मग ओल्या वाळूवर पाय रोवल्यासारखा तो आवाज, आधी चोरटा, मग मोकळा, मग एखादे भुकेले माणूस आपल्या घरी जेवते तसा. मधेच एक हुंदका झाला. तो त्या सहांपैकी कोणाचा नव्हता.

खूप वेळाने काड्या खाली ठेवल्या गेल्या. कोणी उठले. पावले ओली आणि जड होती, आणि ती चटईवरून निघाली. दाराकडे समुद्र होता. तिकडे ती जातील, असे इसोला वाटले. दारातल्या बायकांनी त्यांना वाट देण्यासाठी अंगेही चोरली.

पावले दाराकडे गेली नाहीत. ती इसोच्या मागून, तिच्या मानेला गारवा लावत, पायरी उतरली. मातीच्या जमिनीवर चार पावले. मग रांजणाआडच्या कोपऱ्यात ती थांबली, आणि पुढे वाजली नाहीत.

त्या दुपारी तोमेजीने राळ्याची पेज दोन वाडगी घेतली, आणि तिसरे वाढायला इसो पुढे झाली तेव्हा पोटावर हात ठेवून म्हणाला, “पुरे. भरलं.” तोकुने तेव्हा बाही तोंडाला लावली.

इसो त्यानंतर चाळीस वर्षे त्या घरात नांदली. पहिल्या वाफेचा पहिला घास ती रोज रांजणाआड ठेवी, पाठ फिरवी, आणि तिथला आवाज थांबेपर्यंत फिरवलेली ठेवी. नव्या सुनेने विचारले, की आई, तिथे कोण आहे, तर ती म्हणे, “माझ्या ओळखीचं आहे.” याहून जास्त तिने सांगितले नाही. आणि तिथे उभे असताना तिच्या मानेवर चढणारी लाली म्हातारपणीही गेली नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

जे ऐकत आहेत, त्यांच्या चुलीत विस्तव राहो आणि मडक्यात मूठभर तरी उरो. दूर गेलेले ज्याचे त्याला भरल्या अंगाने परत मिळोत. ज्यांचे ताट कोणी वाढत नाही, त्यांच्यासाठी तुमच्या हातून एक घास निघो, आणि तो गरम असो. कोणाच्याही लेकीला, सुनेला, भिंतीकडे तोंड करून खायची वेळ न येवो. आणि आलीच, तर तिच्या पाठीवर हात ठेवणारे कोणी घरात असो. ती आक्रोश ऐकणारी माउली तुम्हा सर्वांच्या उंबऱ्यावर जागी राहो.